पाणक्या

प्रिय मिहीर आणि रेवा,

धुळवडीनंतर मिहीरने फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. आपल्या माहीमच्या किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या शर्यतीचा. (तुमच्या मित्रांना सांगताना पालघरजवळचं माहीम असं सांगा, नाहीतर ते मुंबईतलं समजतात.) व्हिडिओ संपल्यावर मिहीरने विचारलं, आजी, कोण जिंकलं? मी विषय बदलला. उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, तर त्या व्हिडिओत घोडा एकच होता म्हणून.

याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस म्हणजे दामू. मी पालघरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा रोज त्याच्याच टांग्यातून स्टेशनच्या बाजूला जायची. तुमच्या बाबांनाही त्याने टांग्यातून पुष्कळ फिरवलं आहे. पाडव्यानंतर तो कायमचा मुलाकडे बोईसरला राहायला जातो आहे, म्हणून हे आत्ताच लिहायला घेतलं. तो संध्याकाळी ओटीवर येऊन बसायचा, बोलायचा आणि मी लिहून घ्यायची. सगळा जन्म मुलांच्या वह्यांतल्या चुका दुरुस्त करण्यात गेला. इथे एकही दुरुस्त केलेली नाही. तो बोलला तसंच ठेवलं आहे.

बाई, लिवताय ना? लिवा. माजं नाव दामू, पण माज्या वयाची जी थोडी लोकं गावात उरलीत ती मला अजून पाणक्या बोलतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाय, का वाटत नाय ते पुढं सांगतो, आदी बापापासून सुरू करतो, नायतर पोरांना काय कळायचं नाय.

माजा बाप टांगेवाला, त्याचा बाप पण टांगेवाला. माहीम ते पालघर टेशन आणि टेशन ते माहीम, एवढीच आमची दुनिया, त्याच्या पलीकडं घोडा पण जायला मागायचा नाय. टांग्यात कोण बसायचं, तर वाडीवाले पानाच्या टोपल्या घेऊन, लग्नाची माणसं, बाळंतीण पोरी, आणि तुमी, पुस्तक उघडून, एवढ्या धक्क्यात तुमाला वाचायला कसं यायचं ते मला अजून समजलं नाय. सातपाटीच्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन चढल्या की आमचा घोडा मान फिरवायचा, मग त्या बोलायच्या, काय रं दामू, तुजा घोडा माळकरी हाय काय, आणि एवढ्या मोठ्यानं हसायच्या की घोडा आपोआप पळत सुटायचा, चाबूक लागायचाच नाय.

तेवा माहीमला टांगे, केळव्याला टांगे, शिरगावला, सातपाटीला, सगळीकडं टांगेच. आणि घोडे सगळे एका जातीचे, म्हंजे जातच नाय, गावठी, बुटके, पोटानं मोठे, कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाची मावशी. चारा तोच, खारी हवा तीच, नाल मारणारा पण सगळ्यांचा एकच. काय सांगू तुमाला बाई, म्हणून तर शर्यतीला मजा होती. कोणाचा घोडा कोणाला भारी नाय. रेषेला लागेपर्यंत कोण येणार ते देवाला पण ठावं नसायचं.

शर्यत धुळवडीच्या संद्याकाळी. पुनवेची भरती जेवढी वर येते तेवढीच ओहोटी लांब जाते, सूर्य खाली आला की समुद्र पार तिकडं गेलेला, आणि मागं वाळू अशी कडक की टाच मारली तरी ठसा उठायचा नाय. खाडीच्या तोंडापासून निघायचं ते सुरूच्या बनापर्यंत. खोगीर नाय, उघड्या पाठीवर. आणि बनाजवळ रेषेवर सर उबे, हातात पांढरा पंचा घेऊन. पोरांना सांगा, सर म्हंजे तुमचे आजोबा. सगळ्या गावांना त्यांचा निकाल मान्य होता, कारण त्यांना घोड्यातलं काय कळत नाय हे सगळ्यांना ठावं होतं, म्हणजे ते कोणाच्या बाजूचे नाय.

आता ऐका. घोडे रेषेवरून गेले म्हणून शर्यत संपली असं आमच्यात नव्हतं. सर पंचा वर धरायचे तो वरच ठेवायचे. शेवटी आलेला असंल त्यानं उतरायचं, पयला आलेल्याकडं जायचं, आणि त्याचा लगाम आपल्या हातात घ्यायचा. जिंकलेल्यानं तो स्वतःच्या हातानं द्यायचा, नाय बोलायचं नाय. मग त्या तापलेल्या घोड्याला लांब पाण्यावर न्यायचं, गुडघाभर खाऱ्या पाण्यात फिरवायचं, पाय निववायचे, अंग पुसायचं, आणि रेषेवर परत आणून त्याच्या मालकाच्या हातात द्यायचं. मग सर पंचा खाली करायचे आणि जिंकलेल्याचं नाव बोलायचे. तोपर्यंत निकाल नाय. आणि जो घोडा पाण्यावर नेईल तो वर्सभराचा पाणक्या. पुढच्या धुळवडीपर्यंत गावात त्याला दुसरं नाव नाय.

माजं नवीन लगीन झालं त्या वर्सी मीच शेवटी आलो. शिरगावच्या बबनचा घोडा पयला आला, आणि सगळ्या किनाऱ्यावर बोंबाबोंब, पाणक्या, पाणक्या. घरी गेलो तर शेवंतीनं भात वाढला, माशाचं कालवण वाढलं, पाण्याचा तांब्या लांब ठेवला. बोलली, विहिरीवर सगळ्या बायका मला पाणकीन बोलतात, आता पाणक्याला पाणी मी कशाला देऊ, घ्या उटून. वर्सभर बाई, वर्सभर तिनं मला जेवताना पाणी दिलं नाय. हसत हसत, पण दिलं नाय.

पण त्या वर्सी बबनचा घोडा मी पाण्यावर नेला ना, तेवा मला एक गोष्ट समजली. फेसाची लाट आली की तो घोडा पाय उचलायचा. पाण्याला भ्यायचा नाय, पांढऱ्या फेसाला भ्यायचा. तुमी सांगा, हे मला टांग्याच्या नाक्यावर उबं राहून कदी कळलं असतं? लगाम हातात आला, खांद्यावर हात ठेवला, श्वास ऐकला, तेवा कळलं. दुसऱ्या वर्सी मी सुरुवातीपासून बबनला पाण्याच्या अंगाला ठेवला. वाटेत कुठंतरी एक लाट वर आली, घोडा बिचकला, आणि मी पुढं. मी पयला, बबन शेवटी.

आता बबनची पाळी. माज्या घोड्याला पाण्यावर नेताना तो काय बोलत होता ठाव हाय? घोड्याच्या कानात बोलत होता, तुज्या मालकानं मला पाणक्या केला, आता तू मला तुजं गुपित सांग. आणि घोड्यानं सांगितलं, खोटं नाय बोलत. माजा घोडा बाजूला कोणी असंल तरच पळायचा, एकटा पुढं गेला की ढिला पडायचा. बबननं ते बघितलं, दुसऱ्या घोड्यांबरोबर चालवला तेवा त्याची चाल वेगळी, एकटा फिरवला तेवा वेगळी. त्याच्या पुढच्या वर्सी बबन मुद्दाम मागं रायला, मला एकटा सोडला पुढं, आणि बनाजवळ आल्यावर असा आला की मला मागं वळून बघायला पण वेळ मिळाला नाय, त्याच्या मागून बाकीचे पण गेले, मी शेवटी. जाताना बोलला, पाणक्या, तांब्या तयार ठेव.

असं होतं बाई. कोण लागोपाठ जिंकत बसायचा नाय, कारण हरलेल्याच्या हातात घोडा यायचा. पोरांना हे नीट समजवून सांगा, कारण इथल्या पोरांना सांगितलं तर ती फोनात बगत हां हां करतात. आमची शर्यत घोड्याच्या जोरावर चालत नव्हती, ह्या एका गोष्टीवर चालत होती.

मग रिक्षा आल्या. त्याचं मी वाईट बोलत नाय, माज्या सुनेला पण रिक्षातूनच दवाखान्यात नेली. एकेक टांगा गेला. सातपाटीवाल्यानं घोडा लग्नाच्या वरातीला दिला, केळव्याच्या दोघांनी आपले बीचवर उबे केले, पर्यटक येतात, घोड्यावर बसून फोटो काढतात, घोडा दहा पावलं जातो आणि परत येतो. पळायचं काय ते घोडा विसरला. बबनचा घोडा म्हातारा होऊन मेला, त्यानं दुसरा घेतला नाय. माज्याकडं एक घोडी रायली, मैना. सर होते तोपर्यंत धुळवडीला कसे तरी चार-पाच घोडे यायचे. सर गेले आणि पंचा धरायला कोण नाय. गावच्या पोरांनी शर्यतीचं मंडळ काढलं.

आणि मग तो शेठ आला. बोईसरला कारखान्यांना कामगार पुरवतो, तारापूरच्या अंगाला त्याचं फार्महाउस हाय. मुंबईच्या रेसमधून मोडीत काढलेला घोडा त्यानं घेतला. मोडीत काढलेला म्हंजे तिथं मोडीत, इथं बाई, तो घोडा ट्रकमधून उतरला तेवा आमी सगळे मान वर करून बगत रायलो. माज्या डोक्याच्या वर त्याची पाठ. तपकिरी, असा चमकत होता की तेल लावलंय. शर्यत सुरू झाली तेवा आमची घोडी निघते ना निघते तर तो बनाजवळ. लोकांना पयल्या वर्सी मजा वाटली. टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, का नाय वाजवायच्या, जनावर देखणं होतं. शर्यत संपली आणि तो तसाच ट्रकात चढला आणि गेला. कोण हरला ते कोणी बघितलं पण नाय. पाणक्या कोण, कोणीच नाय. सर असते तर बोलले असते. आमी कोण बोलणार.

दुसऱ्या वर्सी तोच. तिसऱ्या वर्सी तोच. मग बाकीचे बोलले, जायचं कशाला, धूळ खायला? आणि त्यांचं काय चुकलं? एक घोडा पुढं निघून जाणार हे आदीच ठावं असंल तर मागच्यांनी पळायचं कशासाठी? बॅनर मात्र दर वर्सी मोठा होत गेला. त्याच्यावर हात जोडलेली माणसंच माणसं, आणि खाली कोपऱ्यात घोडा, तो पण कुठल्या परदेशातला, आमचा नाय.

गेल्या वर्सी मंडळाची पोरं माज्याकडं आली. बोलली, काका, तुमी उतरा, नायतर एकाच घोड्याची शर्यत कशी बोलायची. माजा नितीन बोईसरहून आला होता, तो तापला. बोलला, बाबा, ते तुमाला हसायला नेतात, एक घोडा जिंकायला पायजे आणि एक मागं दिसायला. मी बोललो, मला ठाव हाय. मी काय येडा नाय बाई. मैनाचं वय झालेलं, ती त्या घोड्याच्या शेपटीला पण लागणार नव्हती. पण मला काय पायजे होतं ते कोणाला ठावं नव्हतं. मला जिंकायचं नव्हतं. मला हरायचं होतं. नीट हरायचं, आणि त्या घोड्याचा लगाम हातात घ्यायचा. त्याच्यात काय तरी असंलच ना, फेसाला भीत असंल, नायतर उनाला, नायतर डाव्या अंगाला कोण आलेलं त्याला चालत नसंल. त्याला मोडीत का काढला, ते त्याच्या अंगातच कुठं तरी लिवलेलं असंल. ते मला कळलं असतं तर मी ते बबनला सांगितलं असतं, केळव्याच्या त्या दोघांना सांगितलं असतं, पुढच्या वर्सी चार घोडे उतरले असते. शर्यत परत शर्यत झाली असती. एवढंच डोक्यात होतं.

म्हणून मी अट घातली. बोललो, उतरतो, पण मी हरलो तर घोडा मी पाण्यावर नेणार, आमची रीत हाय ती. पोरं बोलली, हां हां काका, करू ना, व्हिडिओत लय भारी दिसंल. मी सगळ्यांसमोर दोनदा विचारून घेतलं. दोनदा हां बोलली.

महिनाभर मी मैनाला ओहोटीच्या पाण्यात चालवत होतो, पायात जोर यावा म्हणून. हरायचं असलं तरी मरतुकडी हरायला नको. शेवंती असती तर बोलली असती, म्हातारपणी तांब्या परत लांब ठेवायला लावता काय. धुळवडीला गेलो. तिथं डीजे, वर ते भुंग्यासारखं काय तरी उडतंय, मैना त्यालाच बिचकत होती. बाजूला तो उंच घोडा. त्याच्या पाठीवर जमील, शेठनं लांबून आणलेला, पण बरा माणूस, माज्याकडं बगून हात जोडले. शर्यत झाली. काय सांगू, तुमी सोता बघितली. माजी घोडी निम्म्यात असताना तिकडं फटाके वाजले. पण मी थांबवली नाय. शेवटपर्यंत पळवली. रेषेवरून नीट गेलो. आणि उतरलो, आणि मैनाला धरून चालत त्या घोड्याकडं गेलो. किनाऱ्यावरची म्हातारी माणसं पुढं आली, सातपाटीच्या दोघी-तिघी बायका ओरडल्या, पाणक्या आला, पाणक्या आला. इतक्या वर्सांनी किनाऱ्यावर ती हाक ऐकली.

मी लगामाला हात घातला. जमील हळू बोलला, चाचा, हाथ मत लगाना, शेठने मना किया है. मी बोललो, बाबा, आमची रीत हाय, ह्या पोरांनी कबूल केलंय. तो खाली बगत रायला. मी पोरांकडं बघितलं तर पोरं इकडंतिकडं बगायला लागली. मग शेठ आला, हसत हसत, अगदी मानानं बोलला, आवाज पण वाढवला नाय. काका, जनावर महागाचं आहे, खारं पाणी, दगड, पायाला काही झालं तर? तुम्ही त्याच्यासोबत फोटो काढा ना. आणि कोणाला तरी खूण केली, आणि काय सांगू बाई, माज्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ. माइकवर बोलले, आपल्या भागातले जुने टांगेवाले, टाळ्या.

हरलेल्याला कोण शाल घालतो? तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा. मेलेल्यावर घालतात. मला शाल नको होती, मला लगाम पायजे होता. जिंकायचं तर त्यांनी कदीच काढून घेतलं होतं, त्या दिवशी माजं हरणं पण काढून घेतलं. मला साधा पाणक्या पण होऊ दिलं नाय.

घोडा ट्रकात चढला. मी तिथंच उबा, शाल घालून, बुजगावण्यासारखा. मग मागून कोणी तरी माज्या हातातून मैनाचा लगाम घेतला. बघतो तर बबन. शिरगावहून बघायला आला होता, गुडघे गेलेले, काठी टेकत. थोडं पुढं गेला आणि वळून बोलला, चल रं पाणक्या, हिला तरी नेऊ. आमी दोघं गेलो. पाणी लांब होतं, त्याला चालवत नव्हतं, त्यानं घोडीचाच आधार घेतला. हरलेली घोडी पाण्यावर नेलेली माज्या जन्मात तेवढी एकच. बबननं तिचे पाय धुतले, आणि बोलला, हिचा उजवा मागचा पाय दुखतोय, तू उगाच पळवलीस. मला महिनाभर कळलं नव्हतं ते. परत आलो तेवा रेषेवर कोणी नव्हतं, बॅनर सोडवत होते.

ह्या वर्सी पोरं परत आली. मी त्यांना ओटीवर पण घेतली नाय. बोललो, शाल पायजे तर घेऊन जा, घडी मोडली नाय. मग त्यांनी एकटाच घोडा पळवला. मिहीरबाबानं बघितला तो तोच. माइकवर बोलत होते, पयला क्रमांक, पयला क्रमांक. कोणाहून पयला, ते काय बोलले नाय. त्याला सांगा, निकाल लागला नाय म्हणून. सर असते तर पंचा अजून वरच असता.

आता बोईसरला जातो. नितीनची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडली की कारखान्याचा वास, शेजारी सगळे यूपी-बिहारचे, चांगली हायत, मला चाचा बोलतात. तिथं घोडी नेता येत नाय. केळव्याचा एक जण मागत होता, फोटोसाठी. मी नाय बोललो. तुमी वाडीत जागा दिली, बरं झालं, तिच्या मागच्या पायावर लक्ष ठेवा. पोरांना माजा आशीर्वाद सांगा. सुखात रावा बोलावं, मोठी व्हा बोलावं, तसं सगळं सांगा. आणि एवढं पण सांगा की कदी हरलात तर जिंकलेल्याच्या जवळ जायला मागा. देतील का नाय ते मी सांगू शकत नाय. आमाला तरी नाय दिलं. बस, लिवू नका आता, अंधार झाला.

इथे दामू थांबला. मागच्या आठवड्यात नितीन गाडी घेऊन आला आणि त्याला घेऊन गेला. जाताना दामूने लगाम माझ्या हातात दिला, आणि बबनला निरोप पाठवायला सांगितलं की घोडी बाईंकडे आहे.

मैना आपल्या वाडीत आहे, चिकूच्या झाडाखाली बांधलेली. तिचा मागचा उजवा पाय अजून दुखतो, पण ती चालते. बबन परवा शिरगावहून रिक्षाने आला होता आणि संध्याकाळच्या ओहोटीला त्याने तिला पाण्यावर नेलं.

तुमची आजी